बिनसावलीची दुपार

माझ्या भाचीनं मेक्सिकोचे म्हणून जे फोटो दाखवले, त्यांत देवळं कमी आणि एका माणसाची पाठ जास्त होती. पांढरा सैल अंगरखा, पाठीवर मोकळे सोडलेले लांब काळे केस, आणि पुढं रान. कुठं तो फांदी बाजूला सारतोय, कुठं पायरीवर थांबून हिची वाट बघतोय. तोंड एकाच फोटोत, तेही अर्धं. ‘हा कोण गं?’ म्हटलं तर म्हणाली, ‘मामा, तो आमचा गाइड. फक्त आमचा. चार तास.’ टेक्सासमध्ये वाढलेली ही मुलगी मामाला अरेतुरे करते. आमच्या आक्काला ते खपत नाही, मला आवडतं. पण त्या ‘फक्त आमचा’मध्ये जो थाट होता, तो मात्र अस्सल इचलकरंजीचा. दिवाळीला शिंपी घरी बोलावणाऱ्या माझ्या आजीचा.

जागेचं नाव बोनामपाक. मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वातेमालाच्या सरहद्दीजवळ, चियापासच्या जंगलात. चिचेन इत्सा सगळ्यांना माहीत असतं. तिथल्या पिरॅमिडला चारी अंगांनी 91-91 पायऱ्या आणि माथ्यावरची एक, मिळून 365, हे आमच्या शाळेतली पोरंही क्विझसाठी पाठ करतात. भाचीला गर्दी नको होती. म्हणून तिनं पहाटे पालेंकेहून गाडी केली आणि शेवटचे काही मैल तिथल्या लाकान्दोन लोकांच्या गाडीतून गेली. ते रान त्यांचं, गाडी त्यांची, गाइडही त्यांच्यातलाच. हे लोक स्वतःला ‘हाच विनिक’ म्हणतात, म्हणजे खरी माणसं. माया भाषा बोलतात. माया लोक गेले कुठं, असं एक गूढ आपल्याकडं दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षं शिजत आलंय. 2012 च्या डिसेंबरात तर त्यांच्या कालगणनेवरून जग बुडायचं होतं. आमच्या गल्लीतल्या एकानं त्या भीतीनं, किंवा त्या निमित्तानं, उधारी द्यायची थांबवली होती. आणि हा माणूस त्यांच्यातलाच, पायात रबरी बूट घालून हिच्यापुढं चाललेला. गेले नाहीत ते. शहरं सोडून दिली, एवढंच.

बोनामपाकच्या एका छोट्या इमारतीत तीन खोल्या आहेत आणि तिन्ही खोल्यांच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत रंगवलेल्या आहेत. इसवी सन 790 च्या आसपासचं काम. दुसऱ्या खोलीत लढाई आणि बोटांतून रक्त ठिबकणारे कैदी, तिसऱ्यात नाच आणि जिभेला काटा टोचून घेणाऱ्या राजघराण्यातल्या बायका. पहिल्या खोलीत वाजंत्री आहेत, तुताऱ्या आहेत, कासवाच्या पाठीवर वाजवणारे आहेत, आणि त्यांच्या वर एका ओळीत उभे सरदार, पांढरीशुभ्र लांब वस्त्रं पांघरलेले.

मी त्या सरदारांवरच अडकलो. आमच्या मागांच्या गावचा माणूस चित्रातही आधी कापड बघतो. फोन हातात घेऊन दोन बोटांनी मोठं करत मी विचारलं, ‘पन्हा केवढा असेल गं ह्याचा?’ तिला पन्हा कळेना. कापडाची रुंदी, असं सांगितल्यावर तिनं दुसरे फोटो काढले. एका गावात बाई जमिनीवर बसून विणतेय, ताण्याचं एक टोक खांबाला आणि दुसरं पट्ट्यानं तिच्या स्वतःच्या कमरेला. बाई मागं रेलली की ताणा ताठ, पुढं वाकली की सैल. तिचे हात दोन्ही बाजूंना पोचतील तेवढाच पन्हा. म्हणजे सरदारांची ती वस्त्रं दोन-तीन पट्ट्या जोडून शिवलेली असणार. ही विणायची रीत भिंतींवरच्या रंगांहून जुनी आणि अजून चालू आहे. माझ्या वडिलांनी हे बघितलं असतं तर एकच विचारलं असतं: दिवसाला किती मीटर पडतं?

*

मग एक उद्योग केला. रिटायर माणसाला असले उद्योग सुचतात. नकाशावर बोनामपाकचा अक्षांश काढला: 16.7 उत्तर. आणि आपल्या गावाचा काढला. 16.7 उत्तर. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. इचलकरंजीहून, पंचगंगेच्या घाटावरून, नाकासमोर अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक ओलांडत रेघ ओढत गेलं तर ती त्या रानातल्या तीन खोल्यांवरून जाते. यातून काही सिद्ध होत नाही. तिकडं धूपाला ‘कोपल’ म्हणतात आणि आमच्याकडं खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, यातूनही होत नाही, जरी आपल्याकडं एवढ्या भांडवलावर आख्खी पुस्तकं निघालेली आहेत. पण एक गोष्ट होते. सूर्य दोन्ही गावांच्या बरोबर डोक्यावर एकाच दिवशी येतो.

तो दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात, 6 तारखेच्या आसपास पडतो. शाळांत त्याला ‘शून्य सावली’ म्हणतात. पोरं मैदानात डबे उभे करतात आणि डब्याला सावली नाही म्हणून टाळ्या वाजवतात. माया लोक या दिवसाला फार जपत. त्यांची पंचांगं, पेरणीचे हिशेब, पावसाची वाट, सगळं या डोक्यावरच्या सूर्याशी कुठं ना कुठं बांधलेलं. विषुववृत्ताच्या जवळ राहणाऱ्यालाच हा सूर्य भेटतो. युरोपातून तिथं गेलेल्या स्पॅनिश पाद्र्यांच्या गावी असा दिवस उगवतच नसे. दिल्लीलाही नाही. हा आपल्यासारख्यांचा, उन्हात भाजणाऱ्यांचा मान.

भाची नेमकी मे महिन्यात आली होती, लग्नाला. म्हटलं, चल. तुझ्या गाइडनं तुला जे दाखवलं नसेल ते दाखवतो. फक्त तुझ्यासाठी. चार तास.

*

खिद्रापूरला जायचं म्हणजे आमच्यासाठी वाडीची वाट. नृसिंहवाडीला कवठाची बर्फी घ्यायची, कुरुंदवाड मागं टाकायचं, आणि मग उसाच्या भिंतींमधनं अकिवाट, सैनिक टाकळी करत कृष्णेच्या कडेकडेनं जात राहायचं. टाकळीत घरटी फौजी. नावातच सैनिक आहे. पुढं राजापूरचा बंधारा, आणि मग नदी अशी काही वळण घेते की जावं तिकडं पाणीच आडवं येतं. रस्ता संपतो तिथं गाव, गाव संपतं तिथं कृष्णा, आणि पलीकडं कर्नाटकातलं जुगूळ. गावाच्या मधोमध, घरांच्या आणि गोठ्यांच्या गर्दीत, बाहेरून बसकं आणि काळं दिसणारं कोपेश्वराचं देऊळ. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास निराश होतो. शिखर नाही डोळ्यांत भरणारं, प्रांगण नाही ऐसपैस. दगडाला हात लागेपर्यंत काही कळत नाही.

दारातच एक गृहस्थ भेटले. डोक्याला टॉवेल, हातात शेवरीची बारीक काठी, साठीच्या पुढचे. फौजेतनं निवृत्त झालेले, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊळ दाखवतात. ‘काय द्यायचं ते द्या, पन मधी फोन घेऊ नगा,’ ही त्यांची एकच अट. मला ती फार आवडली.

आधी त्यांनी आम्हाला बाहेरनंच फिरवलं. देवळाच्या पायाशी हत्तींची रांग आहे. जणू सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर उचललेलं. ‘ब्याण्णव हत्ती,’ काठी सरकवत ते म्हणाले. मी मोजायला लागलो. 41 पर्यंत बरोबर गेलो, मग एका कोपऱ्यावर हत्ती वळतो तिथं तो एक धरायचा की दोन, यात गोंधळ झाला. भाची उलट्या बाजूनं मोजत आली आणि तिचा आकडा वेगळाच. बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. वरच्या मूर्तींची तोंडं फोडलेली, हात तुटलेले, पण दागिने शाबूत; कमरेचा पट्टा, त्याची कडी, कडीतनं सुटलेली साखळी, ती मांडीवर पडते तिथं मांडीचा किंचित दबलेला फुगवटा. बेसाल्टचा दगड. काळा, कडक, छिन्नीला वाकुल्या दाखवणारा. माया कारागिरांकडं लोखंड नव्हतं, त्यांनी गारगोटीच्या हत्यारांनी चुनखडक कोरला. आमच्याकडं लोखंड होतं पण नशिबी हा दगड. ज्याच्या त्याच्या वाट्याला काहीतरी सोपं आणि काहीतरी अवघड येतं.

हत्तींपाशी गाइड थांबले आणि आवाज बदलला. या जागेचं जुनं नाव कोप्पम. 1054 साली इथं लढाई झाली. एका बाजूला कल्याणीचा चालुक्य सोमेश्वर, दुसऱ्या बाजूला दूर दक्षिणेतून आलेला चोळ सम्राट राजाधिराज. तो हत्तीवर बसून लढत होता आणि हत्तीवरच मारला गेला. तमिळ शिलालेखांत पुढं त्याला ‘हत्तीच्या पाठीवर निजलेला राजा’ म्हटलंय. ‘त्याच्या भावानं तिथंच, रणात, मुकुट घातला डोईला,’ म्हणताना या माजी सैनिकाची मान ताठ झाली. कोप्पम म्हणजे खिद्रापूर की कर्नाटकातलं कोप्पळ, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. मी ते बोललो नाही. देऊळ लढाईनंतर शंभरेक वर्षांनी, शिलाहारांच्या काळातलं. त्या हत्तींचा या हत्तींशी काही संबंध असेलच असं नाही. तेही बोललो नाही. भाची भराभरा फोनमध्ये लिहून घेत होती. ती सगळं लिहून घेते. अटीत फोन घ्यायचा नाही एवढंच होतं, असं तिचं म्हणणं.

दक्षिणेकडच्या दाराजवळ देवगिरीच्या यादवांचा शिलालेख आहे, सिंघणाचा, शके 1136 चा. म्हणजे 1213-14. गाइडनी टॉवेलचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवून हलकेच अक्षरांवरून फिरवलं. दगड ओला झाला तशी अक्षरं वर आली, आणि वाळेल तशी दोन मिनिटांत परत बुडाली. भाची म्हणाली, बोनामपाकला असंच केलं होतं, फक्त रॉकेलनं. छतातून झिरपणाऱ्या पाण्यातल्या चुन्याची पांढरट साय भिंतीवर धरली होती. त्या सायीनंच रंग हजार-अकराशे वर्षं जपले. आणि 1946 मध्ये लाकान्दोनांनी जाईल्स हीली नावाच्या फोटोग्राफरला ती जागा दाखवल्यावर जे चित्रकार नकला करायला आले, त्यांनी रंग स्पष्ट दिसावेत म्हणून भिंतीवर रॉकेल मारलं. दिसले. पुढं त्याची किंमत भिंतीनं मोजली. हे सांगताना तिनं गाइडच्या टॉवेलकडं बघितलं. गाइडना ते कळलं. ‘निस्तं पानी हाय ताई,’ ते म्हणाले.

*

सव्वाबारा झाले होते. आम्ही स्वर्गमंडपात आलो.

मुख्य देवळाच्या पुढं हा वेगळा मंडप. 48 खांब, काही गोल, काही चौकोनी, काही चांदणीसारखे अनेक कोनांचे. मधल्या 12 खांबांचं एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळावर छप्परच नाही. साधारण 13 फुटांचं एक गोल भोक, थेट आभाळाला. खाली, बरोबर त्याच्याखाली, जवळजवळ त्याच मापाची एक गोल शिळा. भोकाच्या कडेला आतल्या बाजूनं आठ दिशांचे देव आपापल्या वाहनांवर बसलेत, आणि आपण खाली उभे राहिलो की ते आपल्याकडं असे वाकून बघतात की विहिरीत पडलेल्याला काठावरच्या माणसांनी बघावं.

भोक कशाला? गाइडनी तीन कारणं सांगितली, तिन्ही सारख्याच ठामपणे. एक, खाली होम होत, धूर जायला वाट. दोन, घुमट व्हायचा होता, राहिला. तीन, कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र बरोबर या भोकावर येतो आणि खालची शिळा दुधासारखी होते. त्या रात्री इथं उभं राहायला जागा मिळत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. एकदा अख्खा चंद्र मला पुढच्याच्या टकलावरच दिसला. पण तो येतो खरा. कार्तिकात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो आणि कृत्तिकांची वाट आपल्या जवळजवळ डोक्यावरून जाते, म्हणून. तिन्ही कारणं एकमेकांना कापतात का? होम, अपुरा घुमट आणि चंद्र? मी विचारलं. गाइड माझ्याकडं, नवीन भरती झालेल्या पोराकडं हवालदार बघेल तसं बघून म्हणाले, ‘भोक योकच हाय. त्यातनं काय काय जातंय ते कुनी सांगावं?’

भाचीनं हेही लिहून घेतलं.

मे महिन्यातल्या सूर्याचं त्यांना ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. आम्ही सांगितल्यावर ते म्हणाले, ‘उन्हाचं येतंय की मधी. पन त्या टायमाला कोन येतंय हिकडं?’ आणि टॉवेल डोक्यावर नीट करून आमच्याबरोबर थांबले. उन्हाचं वर्तुळ शिळेच्या उत्तर कडेवरून कधीच सरकत आलं होतं, आता पश्चिमेकडून पूर्वेकडं चाललं होतं, इतकं हळू की बघताना दिसू नये आणि नजर हटवली की पुढं गेलेलं असावं. घड्याळाचे बारा हे आपल्याकडं खरे बारा नसतात. आपलं घड्याळ अलाहाबादेजवळच्या रेखांशावर लावलेलं आणि आपण पश्चिमेला. सूर्य आमच्या डोक्यावर यायला साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असावी लागतात. 12 वाजून 27 मिनिटांनी ते वर्तुळ शिळेवर बसलं. डब्यावर झाकण बसावं तसं.

भाची चप्पल बाहेर काढून आलेली. ती पळत मध्ये जाऊन उभी राहिली आणि लगेच एका पायावर नाचायला लागली. दगड तव्यासारखा. ‘मामा, बघ ना, सावली बघ!’ सावली नव्हती. म्हणजे होती, पण तिच्या तळव्याखाली लपून बसली होती आणि पाय उचलला की तेवढीच बाहेर येत होती. गाइड हसले नाहीत. ते कडेला, एका खांबाच्या गार अंगाला पाठ टेकून उभे होते आणि वर्तुळाकडं बघत होते, रोजच्या माणसाकडं पहिल्यांदा नीट बघावं तसं. मग म्हणाले, ‘हे म्या पन आजच बघतोय.’ तीन कारणांपेक्षा मला हे एक वाक्य जास्त मोलाचं वाटलं.

हाच दिवस वर्षातून दुसऱ्यांदा येतो, ऑगस्टच्या 6 तारखेच्या आसपास. तेव्हा कोण बघणार? आभाळ भरलेलं असतं. 2019 साली त्याच दिवसांत कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यातल्या गावागावांत शिरलं होतं. आमच्या गावातही नदीवेशीकडची माणसं शाळांतून राहत होती. वर कुठंतरी ढगांच्या पलीकडं सूर्य बरोबर जागेवर आला असेल, वेळ चुकवली नसेल.

*

या देवळापुढं नंदी नाही, हे इथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, ती परतली नाही, महादेव कोपला. त्याची समजूत घालायला विष्णू आला तो धोपेश्वर. गाभाऱ्यात म्हणून दोन लिंगं, कोपेश्वर आणि धोपेश्वर. आणि नंदी अजून परत आलेला नाही, तो नदीपल्याड कर्नाटकात, यडूरला आहे, तोंड करून इकडं. दोन राज्यांत वाटलेलं देऊळ. इतक्या वर्षांत नंदीला कुणी परत आणला नाही याचं मला लहानपणी वाईट वाटायचं. आता वाटतं, बरंय. येण्याची वाट बघणारं काहीतरी देवळात असावं.

परतीच्या वाटेवर भाची एकदम म्हणाली, तिच्या त्या गाइडला तिनं पहिल्या खोलीत विचारलं होतं, की भिंतीवर अमुक ठिकाणी अक्षरांसाठी चौकटी आखल्यात पण अक्षरं नाहीत, त्या रिकाम्या का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, माहीत नाही. ‘तेव्हापासून मी त्याचं सगळं खरं मानलं,’ ती म्हणाली. मला त्या माणसाचा हेवा वाटला. माया लिपी वाचण्याची वाट युरी क्नोरोझोव्ह नावाच्या अभ्यासकानं 1952 मध्ये लेनिनग्राडमध्ये बसून दाखवली, आणि त्याला माया भूमीवर पाय ठेवायला मिळाला तो 1990 मध्ये. पुढं बिशप झालेल्या ज्या दिएगो द लांदानं 1562 मध्ये मानी गावात त्या लोकांच्या पोथ्या जाळल्या, त्याच्याच वहीतल्या चुकीच्या मुळाक्षरांचा क्नोरोझोव्हला आधार झाला. जाळणाऱ्याची वही, न गेलेल्याचं वाचन, आणि वंशज म्हणतोय माहीत नाही. यात भग्न काय आणि अभंग काय, मला सांगता येत नाही. खिद्रापूरला आपण ‘अवशेष’ म्हणत नाही. तिथं सकाळी घंटा वाजते, पिंडीवर बेल असतो. लाकान्दोनही गेल्या शतकात पडक्या देवळांत जाऊन कोपल जाळत होते. बघायला येणाऱ्यांना ते अवशेष होते, त्यांना ते देवाचं घर होतं, जरासं पडलेलं.

*

संध्याकाळी तिनं कारखाना बघायचा हट्ट धरला. आमच्या गावात कारखाना म्हणजे मागाचं शेड. आमचे 8 साधे माग होते, वडिलांनी घेतलेले. मी चालवले, आणि शेवटी मीच भंगारात घातले. किलोवर गेले. स्टीफन्स नावाच्या अमेरिकन माणसानं 1839 साली होंडुरासमधलं कोपानचं अख्खं माया शहर म्हणे 50 डॉलरला विकत घेतलं होतं. ते वाचल्यापासून मला आमच्या व्यवहाराचं फारसं वाईट वाटत नाही. शेजारच्या शेडात अजून खटखट चालू असते, पुढच्या गल्लीत नवे माग, रेपियर आलेत, एअरजेट आलेत. गाव काही पडलेलं नाही. आमचं शेड तेवढं.

कुलूप उघडलं. आत तेलाचा आणि कापसाच्या भुसाचा वास अजून. पत्र्यातल्या पारदर्शक पट्टीतून शेवटचं ऊन. जमिनीत मागांच्या बोल्टांची भोकं, चार-चार, आठ जागी. मी बोलायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं, माझ्या हातात काठी नाही तरी बोट काठीसारखं चाललंय. हा पहिला माग, इथं बीम, इथून धोटा असा जायचा, कांडी संपली की असा थांबायचा. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. हे जॉबरचं टेबल. चार मागांना एक कामगार. त्याला आवाजावरून कळायचं कुठल्या मागाचा धागा तुटला. ती माझ्या मागून चालत होती, फोटो काढत. कशाचे, ते मी बघितलं नाही.

उजवीकडच्या भिंतीपाशी ती थांबली. चुन्यावर कोळशानं, पेन्सिलीनं, कशाकशानं ओढलेल्या रेघा. कापडाच्या पिसांचा हिशेब. चार उभ्या आणि एक तिरकी आडवी, झाले पाच. कुठल्या कुठल्या हातांचे. सोलापूरकडचे, बिहारचे, गडहिंग्लजचे. ‘मामा, हे तर माया आकड्यांसारखं,’ ती म्हणाली. एकाला टिंब, पाचाला आडवी रेघ, आणि शून्याला शिंपला. मी म्हटलं, शिंपला आमच्याकडं नाही. शून्य आलं की आम्ही मागच विकतो. ती हसली नाही. बोटानं रांगा मोजत गेली, पाच, दहा, पंधरा, खांद्याच्या उंचीवरून खाली गुडघ्यापर्यंत, आणि शेवटच्या जुडीपाशी वाकून बसली.

‘ह्या चारच आहेत. पाचवी का नाही मारली?’

कोणाचा हात तो, कुठलं साल, मला काहीच आठवेना. शेजारच्या शेडातला एक माग थांबला आणि परत सुरू झाला.

‘लाइट गेली असेल,’ मी म्हणालो. ‘त्या वर्षी लोडशेडिंग फार होतं.’

तिनं फोन काढला आणि लिहून घ्यायला लागली.